एक्केचाळीस जणांना ठाऊक

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास शेवटच्या नळ्या यंत्रात लावून इनास लॅबच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी बसली. डायरीची साईट उघडली, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पासवर्ड चुकीचा आहे, असं लाल अक्षरांत आलं. तिनं एकेक कळ बघत पुन्हा टाकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. दिवसाला दोनशे नळ्यांचे आकडे उतरवून घेणारी बाई ती. चार वर्षांत तिचा पासवर्ड एकदाही चुकला नव्हता.

"काय गं, नवरा सापडत नाहीये का आत?" रक्त घ्यायच्या टेबलावरून तिची सहकारीण मिरवत हिनं टोमणा मारला. "माझा दीर अजून मोकळा आहे. टक्कल आहे, पण फ्लॅट स्वतःचा."

"टक्कल राहू दे तुझ्याकडे, फ्लॅट पाठव," इनास म्हणाली आणि तिनं ईमेल उघडलं.

साईटचं पत्र येऊन पडलं होतं. आपल्या खात्याचा पासवर्ड बुधवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बदलण्यात आला आहे. बदल आपण केला नसल्यास कळवावे.

बुधवारी अकरा वीसला ती इथेच होती, मिरवतच्या शेजारी, हातात मोजे घालून.

हे खातं तिनं मन्सूरा विद्यापीठात विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाला असताना काढलं होतं. नाव घेतलं होतं 'काचपट्टी'. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ती. प्रत्येक नोंद कोणी वाचायची, हे तिथे तीन प्रकारे ठरवता येई: सगळ्यांसाठी, मित्रांसाठी, फक्त माझ्यासाठी. पहिली तीन वर्षं ती सगळ्यांसाठीच लिहीत आली. मायक्रोबसमधली भांडणं, लॅबचे डॉक्टर, चुलतबहिणींची लग्नं. मार्चमध्ये आईच्या रक्ताचा रिपोर्ट तिच्याच हातात पडला तेव्हा तिनं पहिल्यांदा 'फक्त माझ्यासाठी' हा पर्याय निवडला. दोन नोंदी तशा लिहिल्या. लिहून झाल्यावर छातीवरचं ओझं जिथल्या तिथेच होतं. मग एका सकाळी तिनं त्या दोन्ही नोंदींचा प्रकार बदलून 'मित्रांसाठी' केला. एवढंच केलं. मित्रांच्या यादीत एक्केचाळीस जण होते, आणि त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा तिनं पाहिलेला नव्हता.

तेव्हापासून आईबद्दलचं सगळं तिथे होतं. सोनोग्राफीत यकृतात दिसलेली चार सेंटिमीटरची गाठ, अशा गाठीमुळे रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाचा आठशे चाळीस हा आकडा, बाबांचं गच्चीवर जाऊन रडणं. आणि हातिमचं बजावणंही.

हातिम तिचा थोरला भाऊ, वीजमंडळात इंजिनिअर, वरच्या मजल्यावर राहणारा. मार्चमध्ये त्यानं तिला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "आईच्या कानावर एक शब्द गेला ना, तर तिला काही झालं की मी तुला जबाबदार धरीन. ती भीतीनंच जाईल. यकृताला सूज आहे, एवढंच सांगायचं." बाबांनी मान हलवली होती. इनासनंही हलवली होती. त्यांच्या गल्लीत त्या आजाराचं नावसुद्धा कोणी घेत नसे, मग तो ज्याला झालाय त्याच्यासमोर तर नाहीच नाही.

येत्या रविवारी आईला इस्पितळात न्यायचं होतं. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन औषध थेट गाठीत सोडणार होते. आईला सांगितलं होतं, नसेत रंग सोडून आतला फोटो काढायचाय.

इनास पडद्याकडे बघत राहिली. पासवर्ड ठाऊक नसताना तो बदलायचा तर एकच वाट होती. खालची 'पासवर्ड विसरलात?' ही ओळ दाबायची आणि गुप्त प्रश्नाचं उत्तर द्यायचं. खातं काढताना साईटनं प्रश्नांची यादी दाखवली होती, आणि तिनं डोळे मिटून निवडला होता तो प्रश्न: आईचं नाव काय? याहून पक्कं कुलूप तिला सुचलं नसतं. गल्लीत आई होती उम्म हातिम, म्हणजे हातिमची आई; बाईचं नाव बाहेर घेणं तिथे अपमानाचं मानत. भाजीवाल्यापासून मशिदीच्या इमामापर्यंत कोणालाही तिचं नाव माहीत नव्हतं. शाळेत एका मुलाला कुठल्याशा दाखल्यावरून ते कळलं आणि त्यानं मैदानात ओरडून हाक मारली, तेव्हा हातिम त्याच्यावर तुटून पडला होता आणि पुढचा दात पाडून घेऊन घरी आला होता. जगापासून लपवलेली एखादी गोष्ट असेल तर ती हीच.

पण घरात ती कुणापासून लपलेली होती?

तिचा पहिला संशय हातिमवर गेला. मग वहिनीवर, गादावर; ती दुपारी खाली येऊन कॉम्प्युटरवर पाककृती शोधत असे. हातिमनं वाचलं असेल तर आज घरी काय वाढून ठेवलंय, हे तिला स्पष्ट दिसलं. तिनं ओळ दाबली. प्रश्न आला. 'सनिय्या', तिनं उत्तर लिहिलं, नवा पासवर्ड दिला, आणि आत गेली.

नोंदी जशाच्या तशा होत्या. पुसलेलं काही नव्हतं. फक्त मागच्या आठवड्याच्या, रविवारच्या उपचाराबद्दलच्या आणि तो आठशे चाळीसचा आकडा पुन्हा दिलेल्या नोंदीखाली एक नवा अभिप्राय दिसत होता, तिच्याच नावानं. काचपट्टी, बुधवार, अकरा चाळीस. एकच ओळ होती.

"आणि साधारण किती असायला हवं?"

त्याखाली कासाब्लांकाहून 'लाल कंदील' या बाईनं लिहिलं होतं, "काचपट्टी, बरी आहेस ना गं? तूच तर आम्हाला सांगितलंस, दहाच्या खाली. आम्ही सगळे आईसाठी दुआ करतोय."

हातिमनं असं विचारलं नसतं. गादानं तर मुळीच नाही. दर तीन महिन्यांनी इनास आईच्या साखरेचा रिपोर्ट आणायची, उंबरठ्यातूनच आकडा सांगायची, आणि स्वयंपाकघरातून दर वेळी हाच प्रश्न यायचा, याच शब्दांत. मागच्या हिवाळ्यात कुवेतच्या मावशीशी गप्पा मारता याव्यात म्हणून इनासनंच आईला एका बोटानं टाइप करायला शिकवलं होतं.

तिनं यंत्र मिरवतच्या स्वाधीन केलं आणि निघाली.

घरी आई हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसली होती. समोर हिरवा ढीग, बाजूला देठांचा. पंखा पानं उडवील म्हणून बंद ठेवलेला. कोपऱ्यात कॉम्प्युटर चालूच होता.

"लवकर आलीस," आई म्हणाली.

"हो."

"दुपारपासून उघडत नाहीये. तू बंद केलंस ना?"

इनासनं पर्स खांद्यावरून काढलीच नाही. "हो."

"मे महिन्यातल्या नोंदींच्या अर्ध्यात होते मी." आईनं एक देठ मोडला. "परत नाव घालून उघडता आलं असतं. म्हटलं, जाऊ दे. किती वेळा एकमेकींना बाहेर काढायचं?"

"आई, तुला कसं सुचलं हे?"

"त्यात सुचण्यासारखं काय आहे? तुझं नाव आधीच लिहिलेलं होतं. खाली म्हणे, विसरलात का? दाबलं. विचारतो, आईचं नाव काय? मी म्हटलं, वा! बावन्न वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं." ती हसली नाही. "दार उघडलं की."

"पण मुळात गेलीसच कशाला?"

"कशाला?" आईनं वर पाहिलं. "आयुष्यभर घरात शिरताना तू आकडा ओरडत आलीस. साखर एकशे चाळीस, चरबी दोनशे दहा. आणि मार्चपासून नुसतं 'सगळं ठीक आहे आई, सगळं ठीक'. आकडा नाहीच. मला काय येडी समजलात? तुझा बाप रोज कबाब आणतो. हातिम माझ्या हाताचं चुंबन घेतो, ईद नसताना. गादा भांडी घासते, गादा! माझं नशीब एवढं कधी फळफळलं होतं?"

इनास खाली बसली. हात आपसूक पानांकडे गेला, पण आईनं ढीग आपल्याकडे ओढून घेतला.

"रडायचं नाही. मी काल रडून घेतलं, तुम्ही सगळे बाहेर असताना. आता मला राग आलाय, तो नीट येऊ दे."

"हातिम म्हणाला होता की तू घाबरशील..."

"हातिमचं मला सांगू नकोस. त्यानं कुणालाच सांगितलं नाही. मूर्ख आहे, पण गप्प राहिला. तू?" आईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "एक्केचाळीस जण. मोजले मी. कासाब्लांकात एक बाई आहे, तिला माझ्या यकृतात काय वाढतंय ते चार महिने ठाऊक आहे. अलेक्झांड्रियात कोणी 'मुसाफिर' आहे, तो माझ्यासाठी नमाज पढतो. लोक माझी विचारपूस करतायत, इनास, आणि मी इथे बसून तुझ्या मावशीला सांगतेय की सूज आहे, उतरेल. माझंच शरीर, आणि बातमी कळणारी मी बेचाळिसावी?"

यावर इनासला म्हणता येण्यासारख्या पुष्कळ गोष्टी होत्या. की ते परके होते म्हणूनच सांगता आलं. की तिथे लिहिलं नसतं तर ती लॅबमध्ये नळ्या फोडत बसली असती. एकही म्हणावीशी वाटली नाही.

"रविवारी फोटो नाही ना काढणार?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग?"

इनासनं तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बाबा आणि हातिम आत आले. बाबांच्या हातात इस्पितळाची निळी फाईल आणि तळलेल्या माशांची पुडी, दोन्ही एकाच पिशवीत.

"उम्म हातिम!" बाबांचा आवाज चार महिन्यांपासून गरजेपेक्षा मोठा असे. "सगळं ठरलं. रविवारी सकाळी आठला फोटो. दुपारी मोकळी. मग नाईलवर होडीत बसवतो तुला, नवरीसारखी."

"मी येणार नाही," आई म्हणाली.

"अगं, साधा फोटो आहे."

"आधी त्या डॉक्टरला मी भेटणार. मी एकटी, तुम्ही दोघं बाहेर. गाठीत औषध सोडल्यावर काय होतं, नाही सोडलं तर काय होतं, ते तो मला सांगेल. मग मी ठरवीन येते की नाही."

बाबा भिंतीला टेकले. पिशवी त्यांच्या हातातून निसटली नाही. त्यांनी ती अगदी सावकाश, काहीतरी फुटेल अशी, खुर्चीवर ठेवली. हातिमनं आईकडे पाहिलंच नाही. तो सरळ इनासकडे वळला.

"तू सांगितलंस."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. रागापेक्षा भीतीच जास्त होती त्यात, आणि इनासला वाटलं, आत्ता हा लहान दिसतोय. तिला खरं सांगता आलं असतं. एक शब्दही सांगितला नाही, तिनं वाचलं, खातं माझं होतं, चूक खात्याची. पण मार्चपासून रोज सकाळी जे करायला हवं होतं ते आता निदान नावापुरतं तरी आपलं करून घ्यावं, असं तिला वाटलं.

"हो," ती म्हणाली. "मी सांगितलं."

"खोटं बोलते," आई म्हणाली.

हातिम तिच्याकडे वळला.

"तिनं मला काही सांगितलेलं नाही. तिनं सगळ्या जगाला सांगितलं, आणि मी चोरून वाचलं. हिच्यावर ओरडायचं असेल तर त्यासाठी ओरड. मला सांगितल्याचं पुण्य तिला फुकटात मिळणार नाही."

 रागावण्याचा हक्क आपल्याला आहे का, हे इनासनं तपासून पाहिलं. नव्हता.

"सनिय्या," बाबा म्हणाले. मुलांसमोर त्यांनी हे नाव कधी घेतलं नव्हतं. "आम्हाला वाटलं, तुझे दिवस तरी बरे जातील."

"गेले," आई म्हणाली. "पण ते दिवस कसले होते, ते मला माहीत नव्हतं. पुढचे मला माहीत असू देत." तिनं पानांचा वर्तमानपत्रासकट गठ्ठा केला, बाजूला सारला, आणि समोरच्या रिकाम्या जमिनीवर हात थोपटला. "हातिम, बस. तुम्हीही बसा, अबू हातिम. आणि तू, सांग. पहिल्यापासून. आकडे गाळायचे नाहीत, गोड करायचे नाहीत. जिथे मला कळणार नाही तिथे मी विचारीन."

"निळी फाईल बघू का?" इनासनं विचारलं. "त्यात नव्या सोनोग्राफीचा..."

"नंतर. आधी तुझ्या तोंडून."

बाबा खुर्चीच्या कडेला टेकले. हातिम उभाच राहिला, दाराच्या चौकटीला हात लावून, अर्धा बाहेर. इनास आईसमोर मांडी घालून बसली. एक्केचाळीस जणांना हे सांगताना एकदाही अडखळली नव्हती ती. आता सुरुवात कुठून करायची, हे तिला ठरवावं लागलं. आईनं डोळे तिच्या तोंडावरून हलवले नाहीत, आणि मदतही केली नाही.

"मार्चची अकरा तारीख," इनास म्हणाली. "मंगळवार होता. तुझ्या रक्ताची नळी यंत्रात मी स्वतः लावली होती."