दवाखान्यातल्या कुरकुरत्या खुर्चीची तक्रार

मित्रांनो, मी बाळंतिणींच्या दवाखान्यातली एक जुनी वेताची खुर्ची आहे. माझा एक हात डगमगतो आणि कुणी बसलं की मी कुरकुरते. कुरकुरायला मला कारणंही पुष्कळ आहेत.

सुताराने माझा सांगाडा सागाच्या लाकडातून घडवला आणि बैठक वेताने विणली. सुरुवातीला मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत माझा काय तोरा होता! मग गुबगुबीत फिरत्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याजवळच्या छोट्या खोलीत झाली. तिथे समुपदेशक बाई बसायच्या. बाळंतपणानंतर काही आयांचं मन आजारी पडतं. त्यांना बोलतं करून बरं करणं, हे बाईंचं काम.

एकदा तिथे नुकतीच बाळंत झालेली एक बस कंडक्टर आली; मी तिला कंडक्टरताई म्हणते. एरवी म्हणे ती बसमध्ये असा आवाज द्यायची की मागच्या बाकावरचा झोपलेला माणूसही दचकून सुटे पैसे काढायचा. पण माझ्यावर बसली ती अंग चोरून. बाळ शेजारी सासूबाईंच्या मांडीवर होतं.

"ताई, झोप लागते का?" बाईंनी विचारलं.

"लागते की," सासूबाई म्हणाल्या.

"जेवण जातं?"

"न जायला काय झालं? सगळं हातात देतो आम्ही."

"रडू येतं?"

"अहो, आम्ही काय बाळंत झालो नव्हतो? हिचे आपले नसते चोचले!"

असा संताप आला मला! प्रश्न कुणाला आणि उत्तर कुणाचं! ताईची बोटं माझ्या हातावर घट्ट रुतली होती. मला तोंड असतं तर मीच ओरडले असते.

शेवटी बाई म्हणाल्या, "आजी, बाळाला जरा बाहेर उन्हात नेता का?"

दार लागलं. बाई घाई न करता तिच्यासमोर बसून राहिल्या. मग ताई पुटपुटली, "ते रडलं की छातीत धडधडतं. वाटतं, त्याला सासूबाईंच्या ओटीत टाकावं आणि मिळेल त्या बसने निघून जावं. मी वाईट आई आहे ना?"

"नाही ताई, तुम्ही आजारी आहात. आणि हा आजार बरा होतो."

ताई हमसून हमसून रडली. त्यानंतर ती दर आठवड्याला येऊ लागली. बाईंनी तिच्या नवऱ्यालाही बोलावलं. सकाळी बाळाला तो घेऊ लागला आणि ताईला झोप मिळू लागली. हळूहळू ती पाठ टेकून बसायला लागली. एकदा तर बाळाच्या जांभईवर खुदकन हसली, आणि दारातून सासूबाई बघतच राहिल्या.

आणि नेमकं तेव्हाच आमचं घोडं अडलं! व्यवस्थापक आले आणि म्हणाले, "इथे नुसत्या गप्पाच तर चालतात." झालं! खोलीत औषधांची खोकी आली, माझ्यावरही रचली गेली आणि दाराला कुलूप लागलं. बाईंना वरच्या मजल्यावर कुठेतरी बसवलं, पण ताईला कुणी कळवलंच नाही. ती आली, तेव्हा बाहेरून शिपाई म्हणाला, "खोली बंद आहे." तिची पावलं जिना उतरून गेली. मी खोक्यांखाली नुसती चरफडत राहिले.

काही दिवसांनी बाहेर आरडाओरडा ऐकू आला. सासूबाई!

"माझी सून पुन्हा गप्प झालीय! पाय मोडला असता, तर प्लास्टर अर्धं घालून घरी धाडलं असतंत का? उघडा ते दार!"

व्यवस्थापकांनी मुकाट्याने किल्ली काढली. कुलूप निघालं, खोकी भिंतीशी सरकली, बाई धावत खाली आल्या. ताई परत आली. बरं व्हायला तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, पण ती बरी झाली आणि कामावर रुजू झाली.

खोकी मात्र अजून अर्ध्या खोलीत ठाण मांडून आहेत. दुसऱ्या आया त्यांच्यामधून वाट काढत येतात. याची कुणाला लाज नाही!

मित्रांनो, घरी बाळ आलं की त्याचे गाल ओढायला सगळे धावतात. तुम्ही त्याच्या आईजवळ जाऊन बसा. ती काही बोलली नाही, तरी लगेच उठू नका.