सल्ला दिल्याची तारीख

सुधीरच्या घराण्यात तीन पिढ्या कुणी खोटं बोललं नव्हतं. जे काही खोटं होतं ते लिहिलेलं होतं, आणि त्याला रीतसर जावक क्रमांक होता. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात होते, वडील एकनाथराव सचिवालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि सुधीर हैदराबादेत चिक्कडपल्लीतल्या एका खासगी डिग्री कॉलेजात कॉमर्स शिकवत होता.

या कॉलेजात शिकवण्याखेरीज आणखी एक पुण्यकर्म मास्तरांच्या गळ्यात मारलेलं होतं, त्याचं नाव मेंटॉर योजना. प्रत्येक शिक्षकाला तीस मुलं आणि तीस निळ्या डायऱ्या. दर महिन्याला एकेकाला समोर बसवायचं, क्रेडिट किती झाले, हजेरी किती, कुठला विषय घ्यायचा राहिला, पुढे काय करणार, हे सगळं विचारायचं आणि डायरीत नोंदवून मुलाची सही घ्यायची. प्रिन्सिपल मॅडमच्या शब्दांत, मुलं ट्रॅकवर राहिली पाहिजेत. तीन वर्षांत सुधीरनं आपल्या तिसांपैकी एकालाही समोर बसवलं नव्हतं. दोघं लिफ्टमध्ये भेटले होते, पण तिथे बसायची सोय नव्हती.

तो आळशी होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. आठवड्याला बावीस तास शिकवायचं, उन्हाळ्यात घरोघर फिरून अॅडमिशन आणायच्या, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात खुर्च्या मोजायच्या. मुलांना भेटायला कॉलेजात वेळ कुणाला असतो?

जानेवारीत पत्र आलं की मार्चअखेर तपासणी समिती येणार. मॅडमनी फर्मान काढलं, तीन वर्षांच्या डायऱ्या भरून महिन्याभरात टेबलावर. सुधीरनं तीस कोऱ्या डायऱ्या दोन पोत्यांत कोंबल्या, ऑटोत घातल्या आणि घरी आणून वडिलांसमोर ओतल्या.

एकनाथरावांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर वीस वर्षं हा माणूस वीजबिलांच्या फाईली लावत बसला होता, आणि आता एकदम तीस मुलांची तीन वर्षांची थकबाकी समोर येऊन पडली! त्यांनी चार रंगांची पेनं मागवली. एकाच दिवशी भरलेली फाईल एकाच शाईत भरू नये, हे कळायला सचिवालयात आयुष्य काढावं लागतं. काही पानांचे कोपरे त्यांनी हातानं मळवले, एकावर चहाचा कप टेकवला. मुलांच्या सह्या तीस तऱ्हांच्या केल्या, कुणाची उजवीकडे झुकलेली, कुणाची आखडलेली. भाषा कॉलेजच्या रिवाजाप्रमाणे इंग्रजी, पण घाट असा: विद्यार्थिनीस समक्ष पाचारण करून उर्वरित क्रेडिटबाबत अवगत करण्यात आले, विद्यार्थिनीने समजल्याचे सांगितले.

तारखांच्या बाबतीत तर ते डोळ्यांत तेल घालून होते. भिंतीवर मराठी दिनदर्शिका. दरवर्षी सुलतान बाजारातून न चुकता यायची, आणि जुनी कधी रद्दीत जायची नाही. एकनाथरावांनी तीन वर्षांच्या दिनदर्शिका काढून लाल रंगातले सगळे दिवस टाळले. शिवजयंती टाळली, गुढीपाडवा टाळला, महाराष्ट्र दिनही टाळला. सुधीरनं पानं न वाचता खाली सह्या ठोकल्या आणि पोती परत कॉलेजात पोचवली. मॅडमनी स्टाफ मीटिंगमध्ये त्याच्या डायऱ्या हातात उंच धरून बाकीच्यांना दाखवल्या, आणि सुधीर संकोचल्यासारखा हसला.

मार्चमध्ये निशिगंधा आली. विद्यानगरला राहणारी, बीकॉमच्या शेवटच्या सेमिस्टरची मुलगी, सुधीरच्या तिसांतली एक. तिचे दोन क्रेडिट कमी पडत होते. दुसऱ्या वर्षी कौशल्य विषय दोन गटांतून एकेक घ्यायचा असतो, तिनं दोन्ही एकाच गटातले घेतले, आणि एक मोजला गेला नाही. जुलैत तिची नोकरी सुरू व्हायची होती, आणि डिग्रीशिवाय ती मिळणार नव्हती. राहिलेल्या विषयाला उशिरा नाव नोंदवायची मुदत आज पाच वाजेपर्यंत होती, तीही एकाच अटीवर: विद्यार्थिनीला हा नियम सांगितला गेला नव्हता, असं कॉलेजनं लिहून द्यायचं. नाहीतर वर्ष गेलं.

परीक्षा विभागातल्या क्लार्कनं लिहून द्यायच्या ऐवजी डायरी काढून तिच्यापुढे ठेवली होती. नियम सांगितला होता, तारीख आहे, सही आहे. आता ती तीच डायरी घेऊन सुधीरपुढे उभी होती.

"सर, ही सही माझी नाही. माझी सही इत्ती चांगली आलीच नाही कधी."

सुधीरनं घसा साफ केला. "अशा सह्या बदलतात गं. आपल्या लक्षात राहत नाही."

"आणि ही तारीख? हा बोनालूचा सोमवार आहे सर. कॉलेज बंद होतं. मी मैत्रिणीकडे होते, फोटो पण आहेत." तिनं फोन पुढे केला. फोटोत ती डोक्यावर बोनमचं, म्हणजे देवीच्या नैवेद्याचं, मडकं घेतलेल्या मैत्रिणीशेजारी दात काढून उभी होती, आणि कोपऱ्यात तारीख स्पष्ट छापलेली होती.

सुधीरनं तिला बाहेर बसवलं आणि मॅडमकडे गेला. मॅडमनी डायरी पाहिली, फोटोचं ऐकलं, आणि सही कुणी केली हे विचारण्याच्या फंदात पडल्या नाहीत. अनुभवी बाई.

"सुधीर गारू, समिती परसों आ रही है. तारीख मंगलवार कर दो, बस."

"मॅडम, मंगळवार किया तो लडकी का साल जाता."

"तो उसने ध्यान से सुनना था ना," मॅडम म्हणाल्या. "चार बजे तक डायरी मेरे टेबल पे."

सुधीर डायरी घेऊन घरी गेला. घर दोन गल्ल्या सोडून होतं, आणि तारखांचा कारागीर तिथेच दुपारची झोप काढत होता. एकनाथरावांना उठवून चूक दाखवली तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना.

"आषाढातल्या सोमवारी कसली सुट्टी?"

"बोनालूची, बाबा. तेलंगण राज्य झाल्यापासून आहे."

"आमच्या वेळी नव्हती. आणि दिनदर्शिकेतही नाही."

"ती दिनदर्शिका महाराष्ट्राची आहे."

जन्मभर हैदराबादेत राहिलेला हा माणूस क्षणभर भिंतीकडे बघत राहिला. मग त्यानं ड्रॉवरमधून ब्लेड काढलं. "आण इकडे. आकडा खरवडून मंगळवार करू."

"मंगळवार केला तर त्या पोरीचं वर्ष बुडेल."

"का बुडेल? तिला नियम सांगितलाय की."

"कुणी सांगितला?"

"तू. हे बघ, लिहिलंय."

सुधीरला हसू आलं, आणि अर्ध्यातच विरलं. "बाबा, ते तुम्ही लिहिलंत. या पलंगावर बसून."

एकनाथरावांनी ब्लेड खाली ठेवलं. त्यांनी स्वतःचाच मजकूर पुन्हा वाचला, आणि पहिल्यांदाच त्यांना तो नीटसा पटला नसावा. सुधीरनं टेबलावरचा कोरा कागद ओढला. त्याला लाज वाटत होती, खरीखुरी लाज, आणि ती आहे तोवरच लिहून टाकावं असं त्याला वाटलं. त्यानं लिहिलं: मी या विद्यार्थिनीला कधीही भेटलो नाही, डायरीतील नोंदी खोट्या आहेत.

एकनाथरावांनी तो कागद हातात घेतला आणि ते कळवळले. मुलाच्या नोकरीसाठी नव्हे, मसुद्यासाठी.

"'मी'नं पत्र सुरू करतात? आणि 'खोट्या'? सरकारी कागदावर हा शब्द मी चौतीस वर्षांत येऊ दिला नाही." त्यांनी चष्मा चढवला, कागद उलटा केला आणि दहा मिनिटांत मसुदा तयार केला, भाषा रिवाजाप्रमाणे इंग्रजी, घाट तोच. संदर्भित दिनांकास सार्वजनिक सुट्टी असल्याकारणाने नियोजित समुपदेशन होऊ शकले नाही. सबब, विद्यार्थिनीस सदर नियमाबाबत अवगत करता आले नाही. डायरीतील नोंद नियोजनाची समजावी.

सुधीरनं वाचलं. एकही शब्द खोटा म्हणून पकडता येत नव्हता. कुणी काही केलं नव्हतं, कुणाचं काही चुकलं नव्हतं, सगळा दोष एका सोमवारचा. पोरीचं वर्ष वाचत होतं, त्याची नोकरीही वाचत होती. मघाची लाज कुठे गेली हे त्यानं शोधलं नाही. त्यानं सही केली.

मॅडमनी ते पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कपाळाला आठी होती, दुसऱ्यांदा ती गेली. "बहुत बढिया," त्या म्हणाल्या. "कमिटी को यही पेज पहले दिखाएंगे. हम अपनी कमी भी लिखते हैं, बोलके." त्यांनी शिक्का मारला.

साडेचारला क्लार्कनं पत्र चढवलं, निशिगंधाचं नाव नोंदवलं गेलं आणि पावती बाहेर आली. सुधीर तिथेच उभा होता. ती आता आभार मानेल, आणि आपण 'अगं, हे आमचं कामच आहे' असं म्हणू, अशी त्यानं तयारी केली होती.

तिनं पावती घेतली. मग पत्राची प्रत मागून घेतली आणि खिडकीपाशी उभी राहून शेवटपर्यंत वाचली.

"सर, म्हणजे एकच दिवस सुट्टी होती म्हणून राहिलं?"

"तसं... कागदावर तसं लिहावं लागतं."

"हौ, कागदावर ठीक आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "पण मी जानेवारीत आले होते ना सर तुमच्याकडे. हेच विचारायला, की माझे क्रेडिट बरोबर आहेत का. तेव्हा नाव नोंदवायला पूर्ण आठवडा बाकी होता. तुम्ही खाली गेटपाशी पोती ऑटोत चढवत होता. म्हणालात, आत्ता नक्को, मेंटॉरिंगचं खूप काम आहे."

ती पावती पर्समध्ये घालून जिना उतरून गेली. सुधीरला पोती आठवली, ऑटोवाल्याशी झालेली घासाघीस आठवली. ही मुलगी काही केल्या आठवेना.