दहा वर्षांची म्हणून मांडलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. किती जुनी, ते सांगतेच. एका दुकानदारानं मात्र मला दहा वर्षांची म्हणून मांडलं होतं.

१९४१ साली मिरजेच्या एका कारागिरानं मला घडवलं. आतल्या फळीवर त्यानं शिसपेन्सिलीनं साल लिहिलं आणि हात जोडले. अंग सागवानी, आणि साध्या सुरांच्या जोडीला खर्जाचे, म्हणजे पोटातून येणारे जाड सूर. पुढं तीस वर्षं मी एका कीर्तनकार बुवांसोबत हिंडले. पूर्वरंगात हलकेच साथ करायची आणि आख्यान रंगलं की देहभान विसरायचं; असं भाग्य किती लाकडांना लाभतं? बुवा वैकुंठवासी झाले आणि मी माळ्यावर गेले. उंदरांनी भाता कुरतडला, तरी कुणी पुसलं नाही.

पाच वर्षांनी सांगलीच्या त्या दुकानदारानं मला उचललं. नव्या पट्ट्या बसवल्या, पॉलिश केलं. भात्याच्या भोकावर मात्र नुसता कागद डकवला. गुरुवारपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही, तर माझे सूर, म्हणजे आतल्या पितळी जिभल्या, उपसून दुसऱ्या पेट्यांत घालायचे, असं त्यानं ठरवलं होतं.

बुधवारी जतकडचे धुळा मेंढपाळ आणि त्यांची बायको तानुबाई आली. तानुबाई कीर्तनात मागं उभी राहून पद धरायची. तिचा आवाज जाड, आणि देवळातल्या लहान पेटीला खर्जच नाही. एकदा पेटी वरच्या सुरात गेली, तानुबाई खालच्या सुरातच राहिली, लोक हसले. तेव्हापासून ती गायलीच नव्हती.

धुळांना पेट्यांतलं काही कळत नव्हतं. मेंढी पारखावी तसं त्यांनी मला पारखलं. आधी पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग बायकोला भाता हलवायला लावून माझ्या कुशीला कान लावला.

“दात कवळं हायती,” ते म्हणाले, “पर धाप म्हातारीची हाय.”

“अहो, पेटी आहे ही, मेंढी नव्हे,” दुकानदार हसला.

“व्हय. पर दम दोघींस्नी लागतोय. उघडा बघू.”

झाकण निघालं. तानुबाईला आकडे येत होते. तिनं साल वाचलं. मागचा कागदही सुटून लोंबू लागला. धुळा तडक उठले. आणि उद्या गुरुवार होता.

तानुबाई मात्र बसूनच राहिली. “आवं, हितं तळवा लावा की,” ती म्हणाली. धुळांनी भात्याचं भोक तळव्यानं झाकलं, तिनं खर्जाची पट्टी दाबली आणि हळूच विठ्ठलाचं नाव घेतलं. आम्हा दोघींचा सूर एकाच ठिकाणी टेकला. ती पुन्हा गायली, या वेळी मोठ्यानं.

धुळा म्हणाले, “लय म्हातारी हाय गं.”

“हाय की. वय ह्या दुकानदारानं लपिवलं, तिनं न्हाई.”

दुकानदारानं झाकण बसवलं आणि धुळांनी पैसे मोजून मला उचललं.

धुळांनी माझ्या भात्याला कोकराचं मऊ कातडं लावलं. आता मी रोज देवळात असते.

मित्रांनो, जुनी वस्तू घेताना वरच्या रंगाला भुलू नका. तिचं वय विचारा, तिला उघडून बघा, आणि आपलं काम तिच्यानं होतंय का, तेही बघा. तिला दम असेल, तर नुसत्या वयापायी टाकू मात्र नका.

सप्ताहाला आलेले पाहुणे विचारतात, पेटी नवी घेतली काय? तानुबाई माझी पस्तीस वर्षं आधी सांगून टाकते, आणि मग म्हणते, “आता ऐका.”