पंखा नसलेलं मशीन

बाळाचा श्वास ऐकू यायला हवा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

पाच महिन्यांत दोनदा बाळ झोपेत श्वास घ्यायचं विसरलं होतं. दोन्ही वेळा ती शेजारी होती म्हणून निभावलं. पाठ चोळली, तळपायांवर टिचक्या मारल्या, आणि निळं पडत चाललेलं तोंड पुन्हा रडायला लागलं. मोठं होईल तसं जाईल, तोवर लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. लक्ष ठेवा म्हणजे कान ठेवा, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

आणि नेमका त्याच खोलीत, टीव्हीखालच्या कपाटात, जुना कॉम्प्युटर घरघरत असायचा. घर दोनच खोल्यांचं. दुपारी एका भिंतीशी पाळणा, दुसऱ्या भिंतीशी बाबांची खुर्ची. तिचे बाबा बत्तीस वर्षं एका थिएटरात ऑपरेटर होते, प्रोजेक्टर चालवायचे. आता एकेक करून सगळं विसरत चालले होते. सकाळी ते तिला 'बाई' म्हणत, आणि परक्या घरी आल्यासारखे अवघडून चहा घेत. पण दुपारी तिने कॉम्प्युटरवर साठवलेला एखादा जुना सिनेमा लावला, की थोड्या वेळाने त्यांचे खांदे सैल पडत, मान मागे टेके, आणि ते विचारत, "चिमे, डबा आणलास का?" लहानपणी ती रोज त्यांचा डबा घेऊन थिएटरच्या वरच्या खोलीत जायची. "आणला, बाबा," ती म्हणायची. दिवसातला तेवढा एक तास ती कुणाची तरी मुलगी असायची.

टीव्हीचा आवाज कितीही बारीक केला तरी बाबांची तक्रार नसे. संवाद पाठ असतील, असं तिने धरून चाललं होतं. टीव्ही बारीक करता येत होता. कॉम्प्युटरची घरघर काही बारीक होत नव्हती. म्हणून तीन आठवडे, बाळाला मांडीवर घेऊन, तिने आवाज न करणाऱ्या कॉम्प्युटरांची माहिती वाचून काढली. कशाला पंखा आहे, कशाला नाही, कुठला तापला की शिट्टी मारतो, हे तिला तोंडपाठ झालं. "एवढी चौकशी तू लग्नाआधी माझी केली नव्हतीस," नवरा म्हणाला. तू झोपेत किती घोरतोस हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, असं तिने त्याला सुनावलं.

दुकानात रस्त्याचा गोंगाट होता, म्हणून तिने दुकानदाराला मशीन मागच्या सामानाच्या खोलीत लावायला सांगितलं. डब्याएवढं मशीन, त्यावर सिनेमा चालू, दार बंद, आणि दोघं खोक्यांच्या मध्ये कान देऊन उभे.

"ताई, पंखाच नाही त्याला," दुकानदार शेवटी कंटाळून म्हणाला. "तुम्ही नक्की काय ऐकताय?"

सिनेमांची डिस्क दुसऱ्या खोलीत ठेवायची आणि वायर भिंतीतून इकडे आणायची, म्हणजे तिचीही कुरकुर येणार नाही, हेही तिनेच सुचवलं. दुकानदाराने सकाळीच घरी येऊन सगळं जोडून दिलं. जाताना त्याने जुना नेऊ का म्हणून विचारलं, तेव्हा ती क्षणभरही थांबली नाही. सुटले, असं तिला वाटलं.

त्या दुपारी तिने सिनेमा लावला आणि पाळण्याजवळ बसली. बाळाचा श्वास स्वच्छ ऐकू येत होता. आत, बाहेर, मध्ये नाकातली बारीकशी खरखर. तिला कितीतरी दिवसांनी झोप आल्यासारखं झालं.

बाबा मात्र खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. पडद्यावर माणसं बोलत होती, पण ते भिंतीकडे बघत होते. मग उठले आणि भिंतीवरून हात फिरवायला लागले.

"मशीन बंद पडलंय," ते म्हणाले. "लोक बसलेत खाली."

सिनेमा चालू आहे, हे तिने त्यांना तीनदा दाखवलं. ते भिंतच चाचपत राहिले. तेव्हा तिला थिएटरची ती वरची खोली आठवली, पडद्याकडे चक्क पाठ करून, डबा उघडून जेवणारे बाबा आठवले. तुम्ही सिनेमा बघत का नाही, असं तिने विचारलं होतं. "सिनेमा खालच्यांनी बघायचा. आपण मशीन ऐकायचं," ते म्हणाले होते. शेकडो वेळा प्रोजेक्टरच्या त्या घरघरीत बसून तिने त्यांना जेवताना पाहिलं होतं. हे दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तर चाललं असतं, तिला कळायला हवं होतं.

तिने दुकानदाराला फोन केला. जुन्याचे भाग त्याने सकाळीच सुटे केले होते. पंखा झिजलेला म्हणून टाकून दिला होता, कचऱ्याची गाडीही येऊन गेली होती. संध्याकाळी नवरा कामावरून येताना कॉम्प्युटरचा एक जुना, आवाज करणारा पंखा शोधून घेऊन आला. दुसऱ्या दिवशी तिने तो कपाटात लावला. बाबांनी मिनिटभर कान दिला आणि म्हणाले, "हे आपलं नाही." मग तिला मोबाइलमधली बाळाची चित्रणं आठवली, तीही याच खोलीतली, जुना कॉम्प्युटर चालू असतानाच्या दुपारची. तिने एकामागून एक लावून पाहिली. बाळाचे हुंकार लख्ख ऐकू येत होते. मागची घरघर मोबाइलने आपणहून पुसून टाकली होती.

आठवडा झाला. ती रोज सिनेमा लावते, रोज बाबा भिंत चाचपतात. आज त्यांनी तेही केलं नाही. शर्टाची बटणं लावली, चपला घातल्या आणि दाराशी जाऊन उभे राहिले. तिने कडी लावलेली होती.

"बाबा, मी चिमी. डबा आणलाय."

त्यांनी तिच्याकडे नीट, सावकाश पाहिलं. कुणालाही दुखवायचं नसावं तसं.

"बाई, खेळ रद्द झालाय," ते म्हणाले. "तुम्हीपण जा घरी."

तिने त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, चपला काढून ठेवल्या, टीव्ही बंद केला, आणि पाळण्याशी येऊन बसली. खोलीत कसलाच आवाज नव्हता. बाळाचा एकेक श्वास मोजता येत होता, आणि ती मोजत राहिली.