न मागितलेली रजा

शाळेच्या वादविवादात निदाच्या वाट्याला विरोधी बाजू आली. ख्रिस्ती बहुसंख्य असलेल्या देशात ख्रिस्ती माणसाला समाजात झुकतं माप मिळत नाही, असं तिला पटवायचं होतं. “मम्मी, आय नीड अ रिअल ख्रिश्चन,” तिनं जाहीर केलं. म्हणून तिच्या आईने, सुरैयाने, ब्लांचला जेवायला बोलावलं. दोघी कुवेतच्या शर्क भागातल्या एकाच दातांच्या दवाखान्यात कामाला. ब्लांच मूळची वसईची. कुवेतला येण्याआधी ती आयर्लंडमध्ये अशाच दवाखान्यात होती.

“कसलं झुकतं माप?” ब्लांच हसली. “बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामीच राहायची. गळ्यातला क्रॉस कुणी बघितला नाही, रंग तेवढा बघितला.”

निदा खूश झाली. मग सहज तिनं विचारलं, “ख्रिसमसला रजा मिळायची?”

“मागायची कशाला? दवाखानाच बंद.” एवढं बोलून ब्लांच थांबली. घास हातातच राहिला. “आमच्यात सुदानची एक मुलगी होती, अमल. तिला ईदची रजा आधीच टाकावी लागे. मॅनेजर म्हणायचा, नक्की तारीख सांग. ती म्हणायची, चंद्र दिसला की सांगते. आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.”

सुरैयालाही हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. कुवेतमध्ये इतकी वर्षं झाली, आपण ईदची रजा कधी मागितली?

“ब्लांच, पंचवीस डिसेंबरला तू इथे काय करतेस?”

“काय म्हणजे? ड्युटी. संध्याकाळी चर्च.”

“मला कसं गं कळलं नाही?”

“दवाखान्यात तुझ्या शेजारच्याच खोलीत तर असते!”

निदा गोंधळली. “देन माय साइड इज राँग?”

“अर्धी,” ब्लांच म्हणाली. “सीट रिकामी राहायची, ते खोटं नाही.”

स्पर्धेत निदाने दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या. स्वतःच्याच बाजूला सुरुंग लावला, म्हणत परीक्षकांनी गुण कापले. दोन्ही खरं असताना गुण का कापले, म्हणून ती मात्र घरी येईपर्यंत आईशी वाद घालत होती, जोरात.

नाताळच्या दिवशी सुरैयाने ब्लांचची ड्युटी स्वतःकडे घेतली. दुपारी ब्लांचचा फोन आला.

“नाताळचे पिठाचे फुगे तळून झाले, वसईला सगळ्यांशी बोलून झालं. आता काय करू? रिकामं बसायची सवयच गेलीय. दवाखान्यात येऊ?”

“खबरदार!” सुरैया म्हणाली. मग आवाज खाली आणून, “फुगे कसे करतात गं?”