आमच्या मागची सोय

त्या शनिवारी शैलजाला एका जागी बसवत नव्हतं. सकाळपासून तिने ओटा दोनदा पुसला. डिशवॉशर भरला, रिकामा केला आणि मग लक्षात आलं की तो चालू करायचाच राहिला होता, म्हणून तीच खरकटी भांडी कपाटातून काढून पुन्हा आत लावली. तिचा नवरा यतीन कॉफी पीत हे सगळं बघत होता, पण चकार शब्द काढत नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात कधी गप्प बसायचं, एवढं तरी तो नक्की शिकला होता.

कारण होतं प्रीता, त्यांची एकुलती एक लेक. वय पंचवीस, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. व्हीलचेअरवरून सगळं घर हिंडायची. बोलताना शब्द जरा रेंगाळत यायचे, पण डोकं असं तल्लख की बापाचे टॅक्सचे कागद तीच तपासायची. ते राहत त्या बॉथेल गावच्या लायब्ररीत ती थोडे तास काम करी. आदल्या दिवशी जेवताना तिने बॉम्ब टाकला. जवळच्याच बेलव्ह्यू शहरात तिच्या मैत्रिणीला, इलाला, व्हीलचेअरच्या हिशोबाने बांधलेलं अपार्टमेंट मिळालं होतं आणि दोघी तिथे राहायला जाणार होत्या. डिपॉझिट आणि पहिलं भाडं शनिवारी संध्याकाळच्या आत भरायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. प्रीताच्या वाट्याचे पैसे कुठून? तर एबल अकाउंटमधून.

आता या अकाउंटला हात लावायचा म्हणजे शैलजाच्या काळजालाच हात. प्रीताला सरकारकडून दरमहा पैसे मिळत, सकाळी तिचं आवरून द्यायला मदतनीस येई. पण तिच्या नावावर दोन हजार डॉलरच्या वर काही साठलं, की या सगळ्यावर गदा. म्हणजे मदत हवी तर जन्मभर कफल्लक राहा, असा तो न्याय! त्यातून अपंगांसाठी काढलेली वाट म्हणजे हे एबल अकाउंट. यात साठवलेलं त्या दोन हजारांत धरत नाहीत, आणि ते वाढलं तरी त्यावर टॅक्स नाही.

आपल्या लोकांना हे कोण समजावणार? वाढदिवसाला, हळदीकुंकवाला कोणी ना कोणी प्रीताच्या हातात पाकीट कोंबायचं आणि शैलजा ते काढून परत द्यायची. माणसं दुखावायची. शेवटी तिने वाढदिवसाच्या निमंत्रणावर अकाउंटची लिंकच टाकली. जिने शेजारणीकडे कधी वाटीभर साखर मागितली नव्हती, तिने! मंडळातल्या शुभाकाकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाई गं, आता आहेराची वसुली ऑनलाइन का?" शैलजा हसली, आणि गाडीत बसल्यावर ढसाढसा रडली. पण लिंक काढली नाही. आपण गेल्यावर या पोरीचं कसं होणार, या एका प्रश्नापुढे तिने लाज कोळून प्यायली होती. ते पैसे आता भाड्यात घालायचे?

"घर आहे की इथे! दुसऱ्याचं घर भरायचं कशाला?" ती ओट्याजवळूनच कडाडली.

"बघून तरी या," यतीन अखेर म्हणाला. "बघायला डिपॉझिट लागत नाही."

शैलजा प्रीताबरोबर ती जागा बघायला निघाली, ती खुसपटं काढायच्या तयारीनेच. लिफ्ट एकच, बंद पडली तर? शेजारच्या दारामागे कुत्रं भुंकतंय, ते सुटलं तर? खिडकी रस्त्यावर, झोप कशी लागणार? इमारतीच्या ऑफिसातली मुलगी किल्ली देऊन "टेक युअर टाइम" म्हणत गेली, तर हिला तिच्यातही खोट दिसली. कसली ही बेफिकिरी!

प्रीता मात्र सरळ स्वयंपाकघरात गेली. ओटा ठेंगणा होता, खुर्ची त्याच्याखाली अलगद शिरली. तिने हात लांबवून नळ सोडला, बाटली भरली आणि प्यायली. घरी पाणी हवं असलं की "आई" अशी हाक यायची. इथे हाक आली नाही. खरं तर शैलजाला आनंद व्हायला हवा होता, पण झालं ते भलतंच. तिला ते लागलं, आणि लागलं याचीही लाज वाटली.

"बाळा," ती म्हणाली, "हे पैसे आमच्या मागे तुझी सोय व्हावी म्हणून आहेत. आत्ता मोडायचे नसतात."

"आई, अकाउंट माझं आहे. तू फक्त त्याचे व्यवहार बघतेस. मी फोन करून त्यावरून तुझं नाव काढू शकले असते. इला म्हणाली, जस्ट डू इट. मी नाही केलं."

"मग मला कशाला विचारतेस?"

"बिकॉज..." प्रीताचा शब्द अडला. एरवी शैलजा तिची वाक्यं झटकन पुरी करून टाकायची. आज तिला पुढचं काही सुचेना. ती जन्मात पहिल्यांदा थांबली.

"तुम्ही गेल्यावर मी एकटी राहणार, हे तुझं ठरलेलंच आहे," प्रीता सावकाश म्हणाली. "दॅट विल बी द वर्स्ट डे ऑफ माय लाइफ, आई. आणि त्याच दिवशी मी सगळं शिकायला सुरुवात करायची? मला आत्ता शिकायचंय. काही चुकलं तर तुम्ही आहात तोवर."

शैलजा भिंतीला टेकून खालीच बसली. इतकी वर्षं ती त्या दिवसासाठी पैसे साठवत होती. त्या दिवशी ही पोर किती भेदरलेली असेल, हे तिने कधी डोळ्यांसमोर आणलंच नव्हतं. तिने फोन काढला. अॅपमधला आकडा बघितला. नको, उद्या बघू, असंही एकदा मनात येऊन गेलं. मग तिने प्रीताच्या वाट्याची रक्कम घातली आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिली. आकडा झर्रकन खाली आला. तिला रडू फुटलं, आणि ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही.

प्रीताने खुर्ची जवळ आणली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आई, थँक यू."

"मी रोज येऊन जाईन," शैलजा नाक पुसत म्हणाली. "डबा आणीन. एक किल्ली माझ्याकडे ठेवू."

"ये ना. पण येण्याआधी फोन कर हं. आणि मी ये म्हटलं, तरच ये."

शैलजाने तोंड उघडलं. आपल्याच लेकीकडे जायला परवानगी घ्यायची? चांगली दहा-बारा उत्तरं जिभेवर आली होती. ती सगळी गिळून ती म्हणाली, "बरं. करीन फोन."