उमरठच्या मातीचा आलेख

मी एक आलेख आहे, उमरठच्या तांबड्या मातीचा. दिसायला साधा कागद. माझ्यावर एक वेडीवाकडी रेघ धावते आणि मध्येच सुळक्यासारखी वर चढते. समीक्षाने बांधावरची ढेकळं खलात पीठ होईपर्यंत कुटली आणि मुंबईच्या प्रयोगशाळेत नेली. तिथल्या यंत्राने त्या पिठावर क्ष-किरण सोडले आणि मी छापून बाहेर आलो.

समीक्षा महाडच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. एसटीत ती मला मांडीवर सपाट धरून बसायची, कुणाचं दप्तर लागू द्यायची नाही. तिचं एवढंच काम उरलं होतं: माझ्या प्रत्येक सुळक्याची उंची मोजायची, सर्वांत उंच सुळक्याला शंभर मानायचं आणि बाकीचे त्याच्या किती टक्के ते काढायचं. सुळक्यांच्या जागा आणि हे टक्के यांवरून मातीत कोणती खनिजं आहेत ते कळतं.

वहीत तिने सात ओळींचा तक्ता आखला. तीन ओळी भरल्या. शंभर, साठ, छत्तीस. तेव्हा कावीळ अंगात भिनली होती. चौथी ओळ भरायच्या आत ती गेली.

दीड महिना मी तिच्या पिशवीत पडून होतो. कुणी पिशवीला हात लावेना.

मग तिची वर्गमैत्रीण आफिया महाडहून आली. "शनिवारपर्यंत तक्ता पुरा झाला, तर मॅडम अहवालावर समीक्षाचं नाव ठेवणार आहेत. आलेख दे, मी भरते."

समीक्षाचा धाकटा भाऊ मुरारी नववीत शाळा सोडून गवंडीकामाला लागलेला. त्याने मला पिशवीतून काढून छातीशी आवळलं. मी चुरगळलोच.

"तायचं काम हाय. मी भरणार."

"टक्के येतात तुला?"

"शिकव की! गाढव नाय मी."

"मी कुठं म्हटलं? तूच म्हणालास."

मुरारीने कागदाच्या अगदी खालच्या आडव्या रेघेवर पट्टी टेकवून सर्वांत उंच सुळका मोजला. "दहा सेंटीमीटर."

"थांब. घराची उंची रस्त्यापासून मोजतोस की जोत्यापासून?"

"जोत्यापासून."

"मग याचं जोतं बघ कुठाय."

तांबड्या मातीतल्या लोखंडामुळे माझी रेघ मुळातच दोन सेंटीमीटर वरून धावते. म्हणजे उंच सुळका खरा आठचा. दुसरा सहाचा दिसतो, तो खरा चारचा. मुरारीने मोबाइलवर चारला आठने भागून शंभरने गुणलं. पन्नास आले.

वहीत समीक्षाचे साठ होते.

"ताय चुकायची नाय!" त्याने पट्टी भिरकावली. "तुझंच जोतं चुकलंय."

"मला हे तिनेच शिकवलं रे," आफिया हळूच म्हणाली. "लिहिताना बरी नव्हती ती, खालच्या रेघेपासूनच मोजलं तिने."

मुरारीने त्या साठावर बोट ठेवलं. तिच्या हातचं शेवटचं लिहिणं होतं ते. "नव्या पानावर लिहू. हे पान मी घरी ठेवतो."

"मग अहवालात तिचं काय उरलं? सगळं अक्षर तुझं." आफियाने पेन पुढे केलं. "आमच्या वहीत खोडरबर चालत नाही, मुरारी. एकच रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा आकडा, आणि रेघ मारणाऱ्याची सही."

त्याने श्वास धरून साठावरून रेघ ओढली. शेजारी पन्नास लिहिले. छत्तीसच्या जागी वीस आले. दोन्हीकडे सही केली: मु. उरलेल्या चार ओळी भरताना तो दोनदा चुकला, नाक पुसत राहिला, पण पेन खाली ठेवलं नाही.

आता मी त्या तक्त्याशेजारी चिकटवलेला आहे, कॉलेजच्या कपाटात. अहवालावर समीक्षाचं नाव आहे. कधी कुणी विद्यार्थी पान उघडतो, आकड्यांवरून नजर फिरवतो आणि मिटतो.

बाबांनो, खरे आकडे घ्या, कामाला तेच लागतील. पण क्षणभर थांबून रेघेखालचे साठ आणि छत्तीसही वाचा. उभं राहवत नव्हतं, तरी ती मोजत होती.